नाहीसा झालेला ओरखडा

माझ्या पेनावर एकच ओरखडा होता आणि तो मीच पाडला होता. पेन घरी आलं त्याच दिवशी, खोक्यातून काढताना, माझ्या बोटातली लग्नाची अंगठी त्याच्या टोपणावरून घसरली. क्लिपच्या डाव्या बाजूला एक तिरपी रेघ उमटली, तांदळाच्या दाण्याच्या निम्मी. दुसऱ्या कोणाला दाखवली असती तर त्याने आधी चष्मा पुसला असता, मग पेन उन्हात धरलं असतं आणि शेवटी मला एखाद्या डॉक्टरचा पत्ता दिला असता. मला मात्र ती रेघ डोळे मिटूनही दिसायची. त्या दिवसापासून मी अंगठी घालणं सोडलं. बायकोने आठ दिवस काही विचारलं नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "माझ्याशी मोडलंय की पेनाशी लागलंय, तेवढं सांगून टाका."

पेन जपानी. काळ्या लाखेचं, एकावर एक चढवलेल्या थरांचं, आणि प्रत्येक थर सुकवून घासून मग त्यावर पुढचा. विकणाऱ्याने मला तीस थर सांगितले होते. मी लोकांना सांगताना साठ सांगतो, आणि एकदा बायकोच्या माहेरच्यांसमोर शंभराच्या वर गेलो होतो. पन्नाशीला माणसं रक्त तपासून घेतात, गुडघे दाखवून येतात. मी पेन घेतलं. किंमत इथे लिहीत नाही, कारण हे घरातही वाचलं जाणार आहे.

आता जपणूक ऐका. बायकोच्या म्हैसूर सिल्कच्या ब्लाउजपिसाची पिशवी, पिशवी चष्म्याच्या घरात, चष्म्याचं घर चकल्यांच्या स्टीलच्या डब्यात, आणि डबा कपाटात स्वेटरांच्या मधोमध. शर्टाच्या खिशात पेन कधीच नाही, कारण खिशाला बटण असतं. बांगड्या घातलेल्या बाईने पेनापासून दोन हात लांब राहायचं हा आमच्या घरातला नियम. सासूबाईंनी तो बिचाऱ्यांनी मनापासून पाळला, त्या खोलीतच यायच्या बंद झाल्या. मी लिहायचो फक्त रविवारी सकाळी, हात धुऊन, घड्याळ काढून, टेबलावर वडिलांच्या जुन्या मलमलच्या धोतराची घडी अंथरून. आमच्या चामराजपेटातले डास कोणाला जुमानत नाहीत, पण त्या पेनावर बसायच्या आधी तेही पाय पुसायचे.

हा वेडेपणा वाटेल. पण माझा धंदाच हा आहे. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी आहे तिथे प्लास्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे बनतात. शाम्पूच्या बाटल्यांची झाकणं, क्रीमच्या डब्या, असलं सगळं चकाचक. साच्यावर एक ओरखडा राहिला तर तो लाखो झाकणांवर उठणार आणि देशातल्या लाखो न्हाणीघरांत आमची अब्रू ओली होणार. म्हणून पॉलिश होऊन आलेला साचा माझ्या टेबलावर येतो. मी भिंग लावून बघतो. मग तो ट्यूबलाईटखाली धरून फिरवतो. पोलादात ट्यूबलाईटची जी पांढरी रेघ दिसते ती सरळ राहिली तर साचा ठीक. ती कुठे लचकली, तर समजायचं की तिथे कोणीतरी ओरखडा काढायला जास्त घासलंय आणि खळगा पडलाय. ओरखडा डोळ्यांना दिसतो, खळगा दिसत नाही. रेघ मात्र चहाडी करते. सगळं ठीक असलं की मी शिक्का मारतो.

आणि पॉलिश करणारा म्हणजे माझा मित्र. बावीस वर्षं आम्ही एकाच छपराखाली. तोही चामराजपेटचा, दोन गल्ल्या सोडून. त्याचं घराणं आणि आमचं घराणं इथे कानडी मुलखात कधी आलं हे दोघांनाही नीट माहीत नाही. मी लोकांना सांगतो की आमच्या पूर्वजांनी घोड्यावरून येताना याच्या पूर्वजांना मागे बसवून घेतलं. तो उलट सांगतो. सकाळी मार्केटच्या स्टेशनवरून एकाच मेट्रोने जायचं, दुपारी एकाच डब्यात जेवायचं. माझ्या बायकोला तो अक्का म्हणतो आणि तिचं थालीपीठ माझ्याआधी उचलतो. त्याच्या हाताबद्दल काय सांगू? त्याने पॉलिश केलेल्या साच्यात बघून आमचा मॅनेजर भांग पाडायचा. टक्कल पडल्यावरही त्यातच बघायचा, कारण म्हणे त्यात दोन केस जास्त दिसतात.

त्याचा साचा आला की मी भिंग खिशातून काढायचोच नाही. ट्यूबलाईटखालीही धरायचो नाही. शिक्का मारायचा, पुढे द्यायचा. नियमात हे बसत नव्हतं. पण बाकी सगळ्यांचं काम तपासून माझे डोळे वाळत आणि याचा साचा आला की त्यांना सुट्टी मिळे. आख्ख्या पीण्यात मी न बघता सही करीन असा एकच माणूस होता आणि याचा मला त्या पेनापेक्षाही जास्त अभिमान होता.

टोपणावरच्या ओरखड्याची गोष्टही जगात त्या एकट्यालाच माहीत होती. मेट्रोत सांगितली होती, कानात.

"दे इकडे, दोन मिनिटांत काढतो," तो म्हणाला होता.

"हात लावलास तर हात काढीन."

"मग रड त्याला उशाशी घेऊन," म्हणाला, आणि पुढची चार स्टेशनं हसत राहिला.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा एचएसआर लेआउटमध्ये कुठल्याशा नव्या कंपनीत, मूळचा पुण्याचा. वडील सरकारी कारखान्यातून मोठे इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. स्थळ चांगलं, माणसं चांगली, फक्त बोलणं असं स्वच्छ की समोरच्याला आपल्या तोंडात खडे असल्यासारखं वाटावं.

एके दिवशी जेवताना मित्र म्हणाला, "एक मागायचंय."

"थालीपीठ संपलं."

"पेन."

"कुठलं पेन?"

"किती पेनं आहेत तुझ्याकडे, राजा? तेच. रविवारी याद्या आहेत. सह्यांना पाहिजे."

याद्या म्हणजे लग्न ठरल्यावर दोन्ही घरच्यांनी बसून कोणी काय करायचं ते कागदावर लिहायचं, कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं आणि खाली वडीलधाऱ्यांनी सह्या करायच्या. तिकडे पुण्याकडे पुष्कळ घरांनी हे सोडलं असेल. आम्ही इकडची माणसं असल्या गोष्टी अंमळ जास्तच घट्ट धरून बसतो.

तो घास हातात धरून म्हणाला, "मागच्या खेपेला मी 'स्वल्प बसा, कॉफी येते' म्हणालो, तर मुलाच्या बापाला माझ्या कानडी वळणाचं हसू आलं. वाईट नाही माणूस. पण हसला. माझ्या घरात त्याला दाखवण्यासारखं काय आहे सांग? निदान हातात तरी काही असू दे."

आता यावर कोण नाही म्हणेल? मी म्हणालो, "मग मीच येतो की. अक्षर तुला माहीत आहे. यादीच लिहून देतो."

त्याने डब्याचं झाकण लावलं. "दोन्हीकडची पाच-पाचच माणसं ठरलीत रे."

म्हणजे त्या पाचांत माझं पेन होतं. मी नव्हतो.

तरी दिलं. शनिवारी त्याच्या घरी जाऊन दिलं आणि सोबत सूचना दिल्या. टोपण फिरवून उघडायचं, ओढून नाही. दाबायचं नाही. सही करणाऱ्याची अंगठी बघायची. ताटात, टेबलावर, कुठेही ठेवायचं नाही. तुझ्या हातातून त्याच्या हातात आणि त्याच्या हातातून तुझ्या हातात. सूचना चौदा होत्या, मी चाळीस सांगतो.

ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मुलगी माझी जातेय आणि रडतोयस तू. खाली ठेवणार नाही. शपथ. सरी?"

"सरी," मीही कानडीतूनच होकार दिला.

रविवारी मी स्कूटर दोनदा धुतली आणि तिसऱ्यांदा बादली भरायला घेतली तेव्हा बायकोने नळ बंद केला. "मुलगा झाला तेव्हा दवाखान्यातसुद्धा एवढ्या येरझाऱ्या घातल्या नव्हत्या तुम्ही."

सोमवारी पेन आलं नाही. "घरी राहिलं," तो म्हणाला. मंगळवारी, "हिने कपाटात ठेवलंय, किल्ली सापडेना." बुधवारी संध्याकाळी, स्टेशनच्या जिन्यावर, त्याने चष्म्याचं घर माझ्या हातात दिलं. "बघून घे."

"तुझं बघायचं असतं होय?" मी म्हणालो आणि न उघडताच खिशात टाकलं.

घरी येऊन हात धुतले, धोतराची घडी अंथरली, पेन काढलं. आणि काय सांगू, ते असं चमकत होतं की खोलीतला दिवा मालवावासा वाटला. जपानहून आलं तेव्हाही असं नव्हतं. पहिल्या क्षणाला मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग सवयीने अंगठा टोपणावरून फिरला, क्लिपच्या डावीकडे, आणि तिथे काहीच नव्हतं.

मी बायकोला बॅटरी धरायला लावली. भिंग लावलं. पेन उलटं केलं, सुलटं केलं. आपला ओरखडा उजवीकडे होता की काय म्हणून उजवीकडेही बघितलं. नव्हता.

"ओरखडा नाही म्हणून तोंड पडलेला माणूस मी आज पहिल्यांदा बघतेय," बायको म्हणाली. पण माझ्याकडे बघून तिने बॅटरी विझवली, आणि जरा वेळाने आपला फोन आणून पुढे ठेवला. मित्राच्या बायकोने तिला रविवारचे फोटो पाठवले होते. मुलीचा, मुलाचा, यादीचा. यादीच्या फोटोत चांदीचं ताट होतं. ताटात नारळ, सुपाऱ्या, विड्याची पानं, आणि सुपाऱ्यांच्या मध्ये आडवं पडलेलं माझं पेन. त्यावर ओल्या कुंकवाची पाच बोटं.

"मी परवाच दाखवणार होते," ती म्हणाली. "तुमची स्कूटर आठवली आणि धीर झाला नाही."

दुसऱ्या दिवशी मी पेन कारखान्यात नेलं. पहिल्यांदाच. सगळे चहाला गेल्यावर माझ्या टेबलावरच्या ट्यूबलाईटखाली धरलं आणि हळूहळू फिरवलं. टोपणावर रेघ सरळ गेली. खाली, जिथे बोटं धरतात त्याच्या जरा वर, ती लचकली. एकदा, दोनदा. तिथली काळी लाख पातळ होऊन आतला तांबूस थर किंचित दिसत होता. बावीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या कितीतरी साच्यांवर हे पकडलंय. पोरकट काम म्हणून परत पाठवलंय. हे काम पोरकट नव्हतं. इतकं सुंदर केलं होतं की ट्यूबलाईट नसती तर मलाही कळलं नसतं. असं काम करणारा हात पीण्यात एकच होता.

दुपारी पार्किंगच्या शेडमध्ये आम्ही डबा उघडायच्या आधी मी पेन काढून मध्ये ठेवलं.

तो हसला. "सापडलं का? म्हटलं, तुला कळायला आठवडा लागेल. चार वर्षं त्या ओरखड्याचं रडगाणं ऐकतोय. पेन दिलंस, तर परतफेड नको? काढून टाकला."

किती सहज बोलला. मी इतकी वर्षं थापा मारत आलोय, पण इतकी चांगली मला कधी जमली नाही. क्षणभर वाटलं, मानून टाकावं. दोघांचीही सोय होती त्यात.

"टोपणावरचा काढलास," मी म्हणालो. "मग खाली काय काढलंस?"

"खाली कुठे?"

"ट्यूबलाईटखाली चल, दाखवतो."

तो उठला नाही. मी बायकोकडून माझ्या फोनवर घेतलेला यादीचा फोटो त्याच्यापुढे धरला. त्याने तो बराच वेळ बघितला, जणू त्याच्या घरचा नव्हताच.

"मुलाच्या आईने लावलं कुंकू," शेवटी म्हणाला. "म्हणाली, सह्या झाल्या, आता पेनाचीही पूजा. मग ते वाळलं. तर तिने नारळ उचलला आणि शेंडीने पुसलं."

"शेंडीने?"

"खसाखसा."

"आणि तू बघत उभा राहिलास?"

"मी हसत उभा होतो."

"तोंड होतं ना तुला? बाई, पेन माझ्या मित्राचं आहे, एवढं..." आणि बोलता बोलता मला कळलं. "तू काय सांगितलं होतंस त्यांना?"

तो डब्याची कडी वरखाली करत राहिला. "मुलाच्या बापाने हातात घेतलं. म्हणाला, वा, हा शौक कोणाचा? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, माझाच. बरीच वर्षं आहे म्हणालो. मग आपलं पेन कोणी पुसलं तर आपण काय ओरडतो का? चालेल चालेल, म्हणालो."

"मला सांगायचंस."

"काय सांगू? तू भिंग काढलं असतंस."

"तुझ्यावर मी कधी काढलंय भिंग?"

"तेच तर," तो म्हणाला. "तेच जाऊ नये म्हणून सोमवारी आणि मंगळवारी सगळे गेल्यावर बसलो. हिऱ्याची पेस्ट, सगळ्यात बारीक. टोपणही केलं, नाहीतर चमक वेगळी दिसली असती."

म्हणजे माझा ओरखडा चमक जुळवायला गेला. मी इथपर्यंतचंही गिळलं असतं. नारळाची शेंडी, पुण्याची विहीणबाई, 'माझाच' म्हणून मारलेली थाप, यातली शेवटची तर मी स्वतः त्याच्या जागी असतो तर थर वाढवून मारली असती. महिनाभर अबोला धरला असता आणि मग ही गोष्ट दहा पट फुगवून मीच सगळ्यांना सांगितली असती, त्याला समोर बसवून. पण माझ्या तोंडून पुढचा प्रश्न गेला. तो कसा गेला हे मला आजही माहीत नाही.

"साच्यांवर पण केलंयस असं?"

त्याला राग यायला हवा होता. डबा उचलून निघून जायला हवं होतं. मी त्याचीच वाट बघत होतो.

"खोल ओरखडा निघाला तर आख्खा साचा परत सारखा घासून उतरवायला दोन दिवस जातात," तो म्हणाला. "हात दुखतात रे हल्ली. तेवढीच जागा घासली की चमकते."

"किती?"

"मोजले नाहीत."

"आणि मी शिक्का मारत होतो."

"तू बघत नव्हतास," तो म्हणाला. तक्रार केल्यासारखं म्हणाला, जणू चूक माझ्याकडून झाली होती आणि तो इतके दिवस पोटात ठेवून होता.

थालीपीठ दोघांनीही खाल्लं नाही. शेडमधल्या कुत्र्याने खाल्लं.

मी मॅनेजरला काही सांगितलं नाही. काय सांगणार? शिक्के माझे होते. पण दुसऱ्या दिवशी त्याचा साचा आला तेव्हा मी खिशातून भिंग काढलं. आख्खा विभाग बघत होता, अशी मी ही गोष्ट रंगवू शकतो, पण कोणीही बघत नव्हतं. तो एकटाच आपल्या जागेवरून बघत होता. मी पाऊण तास घेतला. कानाकोपरा बघितला, ट्यूबलाईटखाली चारही बाजूंनी फिरवला. रेघ कुठेही लचकली नाही. साचा निर्दोष होता. एखादा ओरखडा सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. शिक्का मारून मान वर केली तेव्हा तो पाठमोरा होऊन दुसऱ्या साच्यावर पेस्ट लावत होता. त्यानंतर प्रत्येक साच्याला पाऊण तास. सकाळची मेट्रो त्याने एक आधीची धरायला सुरुवात केली.

लग्न आमच्याच भागातल्या कल्याण मंटपात झालं. पत्रिका द्यायला त्याची बायको आली होती. आम्ही गेलो. मी बायकोला म्हणालो होतो की जेवून लगेच निघायचं. पण अक्षता पडल्यावर मुलाचे वडील माझ्याशेजारी येऊन बसले. गप्पिष्ट माणूस, खरंच चांगला. पाहुण्यांच्या गर्दीत व्याह्यांकडे बोट करून म्हणाले, "माणूस साधा आहे हो, पण शौक बघा. काय पेन आहे त्यांच्याकडे! तुम्ही पाहिलंय?"

मित्र चार पावलांवर कोणाच्या तरी हातात नारळ देत होता. त्याने ते ऐकलं. हात तसाच राहिला.

माझ्या जिभेवर सगळं होतं. शेंडी, पेस्ट, सोमवार, मंगळवार. एका वाक्यात त्याने पुणेकरांसाठी चढवलेली सगळी लाख उतरली असती आणि खालचा थर त्या मांडवात सगळ्यांना दिसला असता.

"पाहिलंय तर," मी म्हणालो. "शंभर थरांचं आहे. कोणाला हात लावू देत नाही तो. तुम्हाला दिलं म्हणजे तुम्ही भाग्यवान."

ते खूश झाले. "तरीच! आणि आमच्या हिने ते..." म्हणत हसत सुटले, आणि त्याला हाक मारली, "अहो, हे तुमचे कोण?"

तो आला. नव्या रेशमी सदऱ्यात, कपाळाला गंध. मला वाटलं होतं की निदान डोळ्याला डोळा तरी देईल. त्याने माझ्या हातात नारळ दिला, दोन्ही हातांनी, बाकी पाहुण्यांना देत होता तसा.

"आमच्या कंपनीत असतात," तो म्हणाला. "तपासणीला." आणि मला, "जेवून जा हं. अक्कांनाही सांगा." आणि पुढच्या पाहुण्याकडे वळला.

मी दुसऱ्या पंगतीला बसलो. होळिगे, म्हणजे इकडची पुरणपोळी, वाढली, त्यावर तूप सोडलं. शेजारी पुण्याकडचे एक गृहस्थ होते. त्यांनी आधी मला लोणच्याबद्दल विचारलं, मग हवेबद्दल, आणि मग पानाला चिमूटभर मीठ लावत म्हणाले, "तुम्ही कोणाकडचे? मुलीकडचे का?"

मी ताकाचा पेला उचलला आणि संपेपर्यंत तोंडापासून काढला नाही.